घट

डॉक्टरांनी पहिल्यांदा तंबाखूचंच विचारलं.
ओढता का? मिसरी? घरात कुणी?
राजमती हसली.
दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा न पिणारी बाई,
हुपरीत तिला असलं कुणी विचारलं नव्हतं.

तोंडात नळी होती, एवढं मात्र खरं.
सोळाव्या वर्षापासून. पितळेची फुंकणी, टोकाला वाकडी.
ज्योत फुंकरीनं आडवी करायची,
निळ्या टोकानं डाग पाघळवायचा,
घुंगरू कडीला चिकटलं की लगेच श्वास तोडायचा.
एका पैंजणाला बावन्न घुंगरं.
हिशेब मी कधी केला नव्हता. आता करत बसतो.
त्यानंच झालं का, म्हणून विचारलं.
सांगता येत नाही, म्हणाले.

खोकला लग्नसराईत आला, राजकोटची ऑर्डर होती.
टीबी असेल, धरून चला.
सहा महिने गोळ्या, केशरी लघवी,
भिशीतल्या बायका दारातूनच पैसे देऊन जायच्या.
थुंकी तिन्ही वेळा निगेटिव्ह,
तरी कोर्स पुरा केला तिनं.
अर्धं काम तिला खपायचं नाही.

मग उजवा खांदा. बसून बसून दुखतो, म्हणायची.
मग आवाज.
मला हाक मारायची ती जंतरातनं ओढलेल्या तारेसारखी,
दर भोकाला आणखी बारीक.

कोल्हापुरात पाठीत सुई घातली.
सव्वा लिटर पाणी निघालं, चहासारखं तांबूस.
येताना कावळा नाक्यावर म्हणाली, गाडी थांबीव,
लई दिवसांनी छाती मोकळी झालीया.
उसाचा रस प्याली, अख्खा ग्लास, आलं घालून.
आठ दिवसांत पाणी परत तिथंच.

रिपोर्ट शीतलनं वाचला आणि घडी घातली.
चौथी पायरी, आई.
किती असत्यात?
चारच.

तरी एक गोळी लागू पडली.
रोज एकाच वेळी, उपाशीपोटी.
चेहऱ्यावर पुरळ, नखांच्या कडा चिरलेल्या,
डागाचा तुकडा चिमटीत धरवेना,
पण खोकला गेला. अकरा महिने गेला.
बाहुबलीचा डोंगर चढली, सहा ठिकाणी बसून,
आणि वर पोचल्यावर मला म्हणाली,
तुम्हीच दमलाय की ओ.

मग शब्द गळायला लागले.
फुंकणीकडं बोट करून म्हणाली,
ते द्या ना, ते... वाऱ्याचं.

रात्री आडवं होता यायचं नाही.
तीन उशा, मग चार, मग टेबलावर डोकं टेकून बसणं.
दुखत नाही, म्हणायची,
हिरीत उतरल्यागत वाटतंय, हनुवटीपतूर आलंय.
तेव्हा ते कडू औषध, चमच्यानं.
त्यानं पाणी उतरायचं नाही,
भीती उतरायची.
मी पाठीवर हात ठेवून मोजायचो.
मिनिटाला चौतीस.

आमच्या धंद्यात घट धरतात.
शंभर तोळं चांदी दिली तर दीड तोळा कमी येणारच,
त्यावर कुणी भांडत नाही.
वर्षाअखेर कारखान्याची माती झाडून
न्याऱ्याला देतो, चाळून जाळून
तो पाव किलो तरी परत काढतो.
अठ्ठावन्न किलोची राजमती
एकोणचाळीस भरली.
ही घट कुठल्या वहीत लिहू?

तेराव्या दिवशी ट्रस्टचा पोरगा मशीन न्यायला आला.
ऑक्सिजनच्या त्या पेटीला मागं एक मीटर असतो,
मला म्हाईत नव्हतं.
बॅटरी मारून त्यानं आकडा वाचला,
फॉर्मवर लिहिला: अकराशे शेहेचाळीस तास.
नळी धुतली का, विचारलं.
धुतली होती.
सही कुठं करू, मी म्हणालो.
त्यानं बोट ठेवलं तिथं केली.
डिपॉझिटचे दोन हजार मोजून दिले त्यानं,
एक रुपयाही न कापता.